रोलकाकांची अंधारी खोली

घर बघायला गेलेला माणूस आधी खिडक्या बघतो, मग उजेड किती येतो ते बघतो, आणि मग नाक मुरडतो. रोलकाका सोसायटीच्या जिन्याखालच्या खोलीत वाकून शिरले, आतून दार लावून घेतलं आणि स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. हात दिसेना. त्यांना इतका आनंद झाला की ते ताठ उभे राहिले आणि वरची पायरी टाळक्यात बसली. बाहेर आले तेव्हा डोक्यावर टेंगूळ होतं आणि चेहरा लग्न ठरल्यासारखा फुलला होता. "मिळाली," ते म्हणाले. तिथे पाण्याच्या पंपाशिवाय कोणी नव्हतं, पण अशी बातमी पोटात ठेवता येत नाही.

रोलकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी पाडलेलं. ज्या काळात शेंबडं पोरही फोनमधून दिवसाला शंभर फोटो काढतं, त्या काळात हा गृहस्थ कॅमेऱ्यात रोल घालतो, छत्तीस फोटो महिनोन् महिने पुरवून वापरतो, आणि काढतो तेही काळेपांढरे, म्हटल्यावर पोरांनी दुसरं काय म्हणायचं? पोटापाण्यासाठी काका विमा कंपनीत होते. ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासायचे. लोकांनी फोनवरून पाठवलेले चेपलेल्या बंपरचे फोटो दिवसभर त्यांच्यासमोरून जात. लाल बंपर, निळा बंपर, चंदेरी बंपर. संध्याकाळी कुठेही भडक रंग दिसला की त्यांना बंपर आठवे. "रंग म्हणजे फोटोतला गोंगाट," असं ते म्हणत. हे वाक्य काकूंनी इतक्या वेळा ऐकलं होतं की भाजीवाल्याकडेही त्या टोमॅटो चाचपून म्हणत, "जरा कमी गोंगाटाचे द्या."

काका फोटो काढत ते गंजलेल्या कुलपांचे, ओल आलेल्या भिंतींचे, दोरीवर वाळणाऱ्या शर्टाच्या सावलीचे. शर्टाचा नाही, सावलीचा. माणसांच्या वाटेला ते फारसे जात नसत, आणि काकूंच्या तर नाहीच. "तू हलतेस," एवढंच त्यांचं म्हणणं. लग्नानंतर काढलेल्या पहिल्या रोलमध्ये काकू चार वेळा हलल्या होत्या. तेव्हापासून तो विषय दोघांनीही सोडून दिला होता. काकांचा स्वतःचा फोटो तर घरात एकही नव्हता, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात.

हे फोटो कागदावर उतरवायचं काम आजवर न्हाणीघरात चाले. धुण्याच्या यंत्रावर निगेटिव्हमधलं चित्र कागदावर मोठं करून पाडणारा एन्लार्जर, फळीवर रसायनांचे तीन ट्रे, खिडकीला काळं कापड आणि वर लाल दिवा. एकदा दार लागलं की उघडायचं नाही, कारण उजेडाचा एक कवडसा आला तरी कागद काळा ठिक्कर. काकूंनी ही व्यवस्था वर्षानुवर्षं सोसली. पण मागच्या महिन्यात त्यांचे थोरले भाऊ मुक्कामाला आले. भाऊ मुळात संकोची, त्यातून मधुमेही. त्यांनी दारावर हलकेच टकटक केली.

"दोन मिनिटं," आतून काका म्हणाले. "डेव्हलपरमध्ये आहे."

दोन मिनिटांनी पुन्हा टकटक.

"आता फिक्सरमध्ये आहे."

फिक्सर म्हणजे काय हे भाऊंना ठाऊक नव्हतं, पण आपला मेहुणा त्यातून लवकर बाहेर पडत नाही एवढं त्यांना कळलं. ते समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ओळख नव्हती. परक्या घरात शिरून पहिलं वाक्य काय बोलावं लागलं या लाजेने ते तिथूनच स्टेशनवर गेले आणि बॅग नंतर पार्सलने मागवून घेतली. त्या संध्याकाळी काकूंनी निकाल दिला.

"अहो, एक तर तुमचं ते यंत्र, नाहीतर माझं माहेर. दोघांना मिळून एक न्हाणीघर पुरणार नाही."

तर अशी ही जिन्याखालची खोली काकांच्या जिवाची बाब झाली. ती मिळाली नाही तर एन्लार्जर माळ्यावर जाणार, आणि माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली आल्याचं कोणत्याच घराच्या इतिहासात नाही.

खोलीत सोसायटीच्या मोडक्या खुर्च्या आणि एक बंद पडलेलं घड्याळ यांखेरीज काही नव्हतं. काकांनी रीतसर अर्ज दिला आणि घोडं पेंड खाऊ लागलं. सोसायटीचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. कोणीही काहीही सांगितलं की त्यांना ते आधी मोजून बघावंसं वाटे. सेक्रेटरींचं पडद्यांचं दुकान होतं. त्यांना सगळं झाकून ठेवावंसं वाटे. दोघांचं कशावरही एकमत होत नसे, पण काकांचा अर्ज आला तेव्हा दोघांनी एकाच वेळी चष्मे काढले.

"काका, तुमच्याबद्दल शंका नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पण इमारतीच्या तळाशी, बंद दाराआड, लाल दिवा. येणाराजाणारा काय समजेल?"

"फोटो काढतात असं समजेल."

"बंद दाराआड लाल दिव्यात? मग तर फारच."

काका कानापर्यंत लाल झाले. अध्यक्षांनी विचारलं की रसायनं किती, वजनाने की मापाने. डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या की त्या वासाने दमा होतो. नंतर भाऊंची आठवण काढून त्यांनी त्यात मूत्रपिंडाचीही भर घातली. शेवटी ठरलं की अग्निशमन कार्यालयाचं ना-हरकत पत्र आणावं.

काका अर्धा दिवस रजा टाकून गेले. तिथल्या कारकुनाने संगणकावरून मान न उचलता विचारलं, "फोटो स्टुडिओ, की रसायनांचं गोदाम?"

"छंद आहे हो."

"छंद असा रकाना नाही."

"मग परवानगी लागत नाही?"

"लागत नाही असं लिहून द्यायचाही रकाना नाही," कारकून म्हणाला. त्याने इतक्या हळुवारपणे सांगितलं की काकांना त्याचाही कुठला तरी छंद याच रकान्याअभावी गेला असावा असं वाटलं. कागद न घेताच ते परत आले.

खोली हातची जाणार, एवढ्यात इमारतीला रंग द्यायचा विषय निघाला. अध्यक्षांना विटकरी हवा होता, कारण त्याने इमारतीला वजन येतं. सेक्रेटरींना हिरवा हवा होता, कारण तो डोळ्यांना थंड पडतो. रंगाऱ्याने बाजूच्या भिंतीवर दोन्हींचे चौकोन शेजारी शेजारी मारून दिले. इमारतीचे बरोबर दोन तट पडले, निम्मे विटकरी, निम्मे हिरवे. एका घरात नवरा विटकरी आणि बायको हिरवी होती आणि स्वयंपाक दोन दिवस बंद होता. आता निकाल लागणार तो बाहेरगावी राहणाऱ्या चार घरमालकांच्या मतांवर, आणि त्यांना चौकोन दाखवायचे तर फोटो पाठवायला हवा. सेक्रेटरींनी आपल्या फोनवरून फोटो पाठवला. त्यात विटकरी रंग शिळ्या मांसासारखा आला. अध्यक्षांनी आपल्या फोनवरून पाठवला. त्यात हिरवा शेवाळासारखा आला. सभेत दोघं उभे राहिले.

"फोनमध्ये रंग फिरवता येतो, हे काय मला माहीत नाही?" अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही फिरवलात म्हणूनच माहीत आहे," सेक्रेटरी म्हणाले.

आणि तेव्हा मागच्या खुर्चीवरून रोलकाका उठले. सभेत ते आजवर बोलले नव्हते, पण हा विषय त्यांच्या रक्तातला होता. फोनचा फोटो म्हणजे वाऱ्यावरची वरात, ते म्हणाले. कोणीही उचलावा, कोणीही रंगवावा. पण फिल्म! फिल्मवर उजेड पडला की पडला. तिथे तिखटमीठ लावता येत नाही, वशिला चालत नाही. निगेटिव्ह म्हणजे प्रत्यक्ष साक्षीदार. "मी काढतो फोटो," त्यांचा आवाज कापत होता. "फिल्मवर. स्वतः धुतो, स्वतः छापतो. फक्त त्यासाठी अंधारी खोली लागेल."

अध्यक्षांनी टाळी वाजवली, म्हणून सेक्रेटरींनाही वाजवावी लागली. खोली तात्पुरती मंजूर झाली. फोटो समाधानकारक निघाल्यास कायमची.

वाचणाऱ्यांपैकी काही जणांच्या एव्हाना एक गोष्ट लक्षात आली असेल. रंग निवडण्यासाठी फोटो हवा होता, आणि काका काळापांढरा रोल घालतात हे इमारतीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. पण त्या सभेत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. डॉक्टरीणबाई एवढ्या शिकलेल्या, त्यांच्याही नाही. कारण प्रश्न फोटोचा नव्हताच, समोरच्याला गप्प कसं बसवायचं हा होता. आणि काका? काका अर्धं आयुष्य करड्या जगात राहिलेले. बाहेर रंग असतात हे ते कामापुरतं लक्षात ठेवत, आणि त्या दिवशी त्यांना लक्षात होती ती फक्त खोली.

पुढचे दिवस म्हणजे नुसती धमाल. काकांनी खुर्च्या बाहेर काढल्या, भिंती काळ्या केल्या, सेक्रेटरींच्या दुकानातून जाड काळं कापड आणलं, फटी बुजवल्या. ऑफिसात ते शीळ घालू लागले. एका माणसाचा पूर्ण चेपलेला दरवाजा त्यांनी शेरा न मारता मंजूर केला. काकूंना त्यांनी खोली दाखवायला नेलं. "बघ," ते दार लावून म्हणाले. "काय बघू? काही दिसत नाही," काकू म्हणाल्या. "तेच तर!" काका म्हणाले.

रविवारी सकाळी फोटो काढायचा ठरला. काकांना वाटलं होतं, आपण, तिवई आणि भिंत. खाली उतरले तर अख्खी इमारत. फोटो भिंतीचा आहे हे सगळ्यांना मान्य होतं, पण भिंतीपुढे उभं राहायला काय हरकत आहे? दर फोटोनंतर लोक कॅमेऱ्याच्या मागे धावत. "दाखवा बघू कसा आलाय." काका पाठीमागचं काळं झाकण दाखवत. लोकांना ते झाकण फारसं आवडलं नाही.

मग वाद निघाला चौकोनांच्या आकाराचा. सेक्रेटरी म्हणाले विटकरी चौकोन मोठा आहे. अध्यक्षांचा तो जन्मभराचा प्रांत. त्यांनी खिशातून टेप काढला, आणि दुसरं टोक धरायला जवळ सेक्रेटरींखेरीज कोणी नव्हतं. दोघं एकेक टोक धरून भिंतीला नाक लावून वाकले. काकांनी, का कोण जाणे, तेव्हा एक फोटो काढून घेतला.

"अगं, इथे उभी राहा, कोणाला हात लावू देऊ नकोस," असं काकूंना तिवईपाशी बजावून काका लोकांना हटवायला पुढे गेले. भिंतीपुढे पोचून ते वळले आणि हात वर करून ओरडू लागले, "मागे सरा! उजेड चाललाय! सुंदर उजेड आहे, असा परत मिळायचा नाही!" तेवढ्यात तिवईकडून खट्ट आवाज आला. तो आवाज काका झोपेतही ओळखतील.

"तू दाबलंस?"

"दाबलं," काकू म्हणाल्या.

"फ्रेम गेली की एक!"

"गेली कुठे? आतच आहे ना."

काकांनी कपाळाला हात लावला. त्यानंतर त्यांनी भिंतीचे चार फोटो काढले, एकापेक्षा एक नेटके.

त्याच दुपारी त्यांनी फिल्म धुतली आणि वाळल्यावर खोलीत शिरून लाल दिवा लावला. कागदावर उजेड टाकला, कागद ट्रेमध्ये सोडला आणि ट्रे हलवू लागले. हा क्षण त्यांनी हजार वेळा पाहिला असेल, पण छाती पहिल्यासारखीच धडधडे. पांढऱ्या कागदावर आधी विटांच्या रेघा आल्या, मग रंगाऱ्याच्या शिडीची सावली, मग डावा चौकोन, मग उजवा चौकोन. काका पुढे वाकले. काय तो करडा! पावसाळी ढगाच्या पोटासारखा मऊ, दाणेदार, भरलेला. दोन्ही चौकोनांना तोच. डावा झाकून उजवा पाहिला, उजवा झाकून डावा पाहिला. तीळभर फरक नाही.

काकांना दरदरून घाम फुटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विटकरी कुठला आणि हिरवा कुठला, हे आता साक्षात रंगाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

ते वर गेले आणि काकूंना सगळं सांगितलं. काकू पहिल्यांदा हसल्या, मग हसणं आवरायला स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे आणखी हसल्या.

"आता?" त्या परत येऊन म्हणाल्या.

"उपाय आहे," काका म्हणाले, आणि या संकटातही त्यांचे डोळे चमकले. "भिंगापुढे लाल काच लावली की लाल उजळतो आणि हिरवा काळवंडतो. हिरवी लावली की उलट. माझ्याकडे दोन्ही आहेत. म्हणशील तो रंग जिंकवून देतो."

"आणि साक्षीदार?"

काकांनी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि डॉक्टरीणबाई समोरच चपला काढत होत्या. म्हणजे संध्याकाळपर्यंत काचांची कीर्ती गच्चीपर्यंत पोचली.

पहिल्यांदा अध्यक्ष आले. त्यांनी पाणी मागितलं, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खोली कायमची करायचा ठराव माझ्या सहीने होतो, बरं का. लाल काच चांगली असते म्हणतात." ते गेले आणि सेक्रेटरी आले. "किल्ली शेवटी माझ्याकडेच असते, काका. हिरवी काच डोळ्यांना थंड." रोलकाकांच्या हातात एवढी सत्ता आयुष्यात आली नव्हती. विमा कंपनीत तर त्यांना पंखा बदलून घेता येत नसे.

त्या दोन काचा मेजावर ठेवून ते बराच वेळ बसले. खोली हवी होती, फार हवी होती. पण खोली हवी होती ती कशाला? खरा फोटो काढायला. खोटा फोटो देऊन खोली मिळवली, तर तिच्यात बसून करायचं काय? लाल दिव्याखाली स्वतःचं तोंड झाकायचं? काकांना वाईट वाटत होतं आणि मनातून हलकंही वाटत होतं. त्यांनी काचा डबीत ठेवल्या आणि दोन सारख्या चौकोनांचा तो फोटो, जसा होता तसा, सेक्रेटरींच्या हाती दिला.

"बरं केलंत," काकू म्हणाल्या. "पण आता न्हाणीघराचं नाव काढू नका."

तो फोटो सेक्रेटरींनी चारही घरमालकांना धाडला, कारण तो न पाठवावा तर अध्यक्ष पुन्हा आपल्या फोनवरचा पाठवतील ही धास्ती. खाली लिहिलं, डावा की उजवा ते कळवावं. आठवड्याभरात उत्तरं आली. पहिल्याने लिहिलं होतं, राखाडी उत्तम. दुसऱ्याने लिहिलं, राखाडीच द्या, मळखाऊ आहे. तिसरीला दोन्ही राखाडी सारखेच आवडले होते. चौथ्याने राखाडीसोबत दारांना काळा सुचवला होता.

चार विरुद्ध शून्य. अध्यक्षांना आक्षेप घ्यायचा होता, पण घेतला तर हिरवा येईल अशी भीती. सेक्रेटरींना घ्यायचा होता, पण घेतला तर विटकरी येईल अशी भीती. शेजाऱ्याची म्हैस दूध द्यायला लागण्यापेक्षा दोघांच्याही गोठ्यात काही नसलेलं बरं. राखाडी बहुमताने मंजूर झाला आणि रंगारी कामाला लागला. काका रोज सकाळी खाली उभे राहून डोकं मागे टाकून वर बघत. फोटोत आणि प्रत्यक्षात सारखीच दिसणारी इमारत त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिली होती.

मात्र आपापला रंग हरल्याच्या रागातून जे घडलं ते सोसायटीत कधी घडलं नव्हतं. अध्यक्ष आणि सेक्रेटरी यांचं एकमत झालं. फोटो समाधानकारक नाही, सबब खोली परत घ्यावी. दोघं मिळून, खांद्याला खांदा लावून, जिन्याखाली आले आणि त्यांनी दार ठोठावलं.

"काका, किल्ली द्या."

काका आत नेमका एक कागद एन्लार्जरखाली धरून होते. त्यांनी तो डब्यात ठेवला, दार उघडलं, आणि सवयीने म्हणाले, "आत या, आत या, दार लावा लवकर." दोघं वाकून आत आले आणि दार लागलं. अध्यक्षांचं डोकं पायरीला आपटलं.

"किल्ली देतो," काका म्हणाले. लाल उजेडात त्यांचा चेहरा फार उतरलेला दिसत होता. "एवढा एक कागद काढू द्या. शेवटचा आहे. दोन मिनिटं लागतील."

माणसाला दोन मिनिटं नाही म्हणायची म्हणजे जरा जडच. दोघं ट्रेपाशी खेटून उभे राहिले. काकांनी कागद पाण्यासारख्या त्या रसायनात सोडला आणि ट्रे हळूहळू हलवू लागले.

"कोरा आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"थांबा," काका म्हणाले.

कागदावर एक आडवी रेघ उमटली. मग तिच्यावर बारीक बारीक खुणा.

"टेप आहे," अध्यक्ष कुजबुजले. "माझा टेप."

टेपच्या एका टोकाला मिशी आली. दुसऱ्या टोकाला चष्मा आला. मग एकदम दोन चेहरे आले, भिंतीला नाक लावलेले, भुवया गोळा केलेल्या, वर्गात एकाच बाकावर बसून गणित सोडवणाऱ्या दोन पोरांसारखे.

"हा मी," सेक्रेटरी म्हणाले. "माझी जीभ बाहेर का आहे?"

"मापं घेताना असते तुमची," अध्यक्ष म्हणाले. "नेहमी बघतो मी. पण हे आलं कुठून? आत्ता तर काही नव्हतं."

"आत होतं," काका म्हणाले. "फक्त बाहेर यायचं होतं."

बाहेर पंप सुरू झाला आणि बंद झाला. मग अध्यक्षांनी घसा खाकरला. "आणखी एखादा काढता येतो का? म्हणजे, मला ट्रे हलवायला मिळेल का? किती वेगाने हलवायचा? काही प्रमाण असेल ना?"

"तुम्ही पाणी उडवाल," सेक्रेटरी म्हणाले. "मी हलवतो."

त्या संध्याकाळी किल्लीचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रसायनांसाठी मोजपात्रं घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी दाराला दुहेरी पडदा शिवून आणला, आणि खरं सांगायचं तर काकांच्या पडद्यापेक्षा तो सरस होता. दोघांनी जुने कॅमेरे मिळवले. इमारतीत जिकडे तिकडे कोणी ना कोणी कुलपांचे फोटो काढताना दिसू लागलं. काकांना आभाळ ठेंगणं झालं. अर्धं आयुष्य एकट्याने केलेल्या वेडाला शेवटी सोबत मिळाली होती. दोघांच्या शंकांना उत्तरं देताना त्यांचं जेवण थंड होई आणि ते त्यांना कळतही नसे.

खोली कायमची झाली. ठराव एकमताने झाला. फक्त गर्दी होऊ नये म्हणून अध्यक्षांनी वेळा ठरवून दारावर चिकटवल्या. सकाळ अध्यक्षांची. संध्याकाळ सेक्रेटरींची. रविवार डॉक्टरीणबाईंचा, कारण त्यांचा दम्याबद्दलचा आक्षेप मागे घेण्याची ती अट होती. रोलकाकांना बुधवारची दुपार.

"बुधवारी दुपारी मी ऑफिसात असतो," काका म्हणाले.

"तुमचं काय हो काका, तुमचं सगळं करून झालंय," अध्यक्ष पडद्याआडून म्हणाले. "आम्ही नवशिके. आणि दार उघडू नका, कागद बाहेर आहे."

तेलही गेलं, तूपही गेलं. काका एन्लार्जरचं जादाचं भिंग हातात घेऊन जिना चढले. घरात शिरले तर न्हाणीघराचं दार बंद आणि दाराखालच्या फटीला पायपुसणं दाबून लावलेलं.

"अगं?"

"उघडू नका," आतून काकू म्हणाल्या.

काका जागीच थबकले. आत नळ वाहत होता आणि काहीतरी लयीत हलत होतं. हा आवाज त्यांनी जन्मभर आतून ऐकला होता. बाहेरून तो असा ऐकू येतो हे त्यांना माहीत नव्हतं.

"एन्लार्जर?" त्यांनी विचारलं.

"तुमचा जुना, माळ्यावरचा. रंगाऱ्याने उतरवून दिला."

"तुला येतं हे?"

"एवढी वर्षं दाराबाहेर उभी आहे मी. कान आहेत मला."

काका स्टुलावर बसले. थोड्या वेळाने अवघडून उठले. जिन्याच्या चढउतारात त्यांनी चहा दोनदा घेतला होता. त्यांनी दारावर हलकेच टकटक केली.

"दोन मिनिटं," काकू म्हणाल्या. "डेव्हलपरमध्ये आहे."

काका येरझाऱ्या घालू लागले. पुन्हा टकटक.

"आता फिक्सरमध्ये आहे."

त्या क्षणी काकांना मेहुण्याची मनापासून आठवण झाली, आणि त्यांनी त्यांना चांगलं सविस्तर पत्र लिहायचं ठरवलं. अखेर दार उघडलं. काकूंच्या केसांना पाणी लागलं होतं, गाल तापले होते आणि चिमट्यात ओला कागद होता. काका ज्या घाईने न्हाणीघराकडे निघाले होते ती घाई विसरून तिथेच उभे राहिले.

फोटोत एक माणूस होता. मागे इमारत, गॅलऱ्यांतून डोकावणारे लोक, कडेला विटांच्या रांगा, आणि मध्ये दोन्ही हात आभाळाकडे टाकलेला, शर्ट सुटलेला, केस पिंजारलेला, तोंड उघडं ठेवून उजेडासाठी ओरडणारा तो माणूस. वय बरंच होतं, पण डोळे एखाद्या पोराला पतंग मिळावा तसे चमकत होते. आपण फोटो काढताना असे दिसतो हे काकांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि कोणीतरी ते इतकी वर्षं बघत आलं होतं.

त्यांना खूप काही बोलायचं होतं. शेवटी तोंडून निघालं ते नेहमीचंच.

"छान आलाय," ते म्हणाले. "फक्त चेहरा जरा हललाय."

काकूंनी फोटो उजेडाकडे धरला आणि निरखून पाहिला.

"कॅमेरा नाही हललेला," त्या म्हणाल्या. "मागच्या विटा बघा, एकेक मोजून घ्या. हलता तुम्ही."